तुमचं ‘बरं’

परवा तुमचा तेरावा झाला. जेवून उठलेली माणसं ओसरीवर पान लावत बसली होती आणि मी आतल्या चौकटीला टेकून त्यांचं बोलणं ऐकत होते. दूध संस्थेचे उपाध्यक्ष बबनराव सगळ्यांना सांगत होते, “अण्णा लई मुरलेला गडी. शेवटची दोन-तीन वर्षं तोंडातून जास्तीचा शब्द काढला न्हाई, पर संस्था अशी मुठीत ठिवली की इचारू नका. नुसतं ‘बरं’ म्हनायचा. समोरचा आपला इचार करत बसायचा, ह्या ‘बरं’मागं काय असंल म्हनून.” सगळ्यांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, “राजकारण असं पायजे.”

मला हसू आलं आणि मग इतका राग आला की मी आत जाऊन उगाच पराती आपटल्या. राग त्यांचा नाही. तुमचाही नाही. कुणाचा ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून तुमच्यावरच काढते. तशी सवयच आहे मला. आणि आज पहिल्यांदा मी तुम्हाला सगळं सांगणार आहे आणि तुम्ही मध्येच “थांब, थांब, आधी माझं ऐक” म्हणून माझं वाक्य तोडणार नाही.

आपण किती भांडलो हो! लोकांच्या घरात भांडण लागतं, आपल्या घरात ते राहायलाच होतं. मी गावच्या शाळेत मास्तरीण, त्यामुळे सगळं गाव मला बाई म्हणायचं आणि तुम्हीही मला बाईच म्हणायचात, ते निव्वळ चिडवायला. “बाई, शाळा सुटली, आता मला नका शिकवू.” भाजीत मीठ किती, पाहुण्यांना निरोप कुणी द्यायचा, मोसंबीला पाणी कधी सोडायचं, सगळ्यावर आपला वाद. आणि बाहत्तरच्या दुष्काळाचा तो वाद तर लग्नाच्या पहिल्या वर्षापासून चालला होता. दुष्काळी कामावर वाटायला आधी परदेशातली मिलो ज्वारी आली की सुकडी? मी म्हणायची सुकडी, तुम्ही म्हणायचात मिलो. “म्या खडी फोडलीय तिथं. तू त्या वक्ताला वेण्या घालून शाळंत गेलतीस, तुला काय ठावं?” असं म्हणून तुम्ही मांडीवर थाप मारायचात. कुणी जुनं माणूस घरी आलं की आपण दोघं त्याला साक्षीला धरायचो. ते बिचारं चहा टाकून पळायचं.

चहावरून आठवलं. तुम्हाला शुगर निघाली तेव्हा आपली मनीषा हायस्कूलला होती. उसातून किती साखर निघते त्याला कारखान्यावर उतारा म्हणतात. तुम्ही चावडीवर जाऊन ओरडून सांगितलंत, “आपल्या कारखान्याला उतारा मिळंना, हितं माझ्या रक्ताला बगा!” गाव हसलं. मला हसू आलं नाही. मी घरात फिका चहा सुरू केला, तुम्ही तो तोंड वाकडं करून प्यायचात. पण बाहेर? संस्थेचे सभासद तुम्ही एकेक घर फिरून जोडले होते. ज्यांच्या दारात एक गाय आहे आणि दिवाळीनंतर घराला कुलूप लावून ऊस तोडायला जायचं आहे, अशी घरं. त्या घरात गेलात की चहा यायचा, साखर दाबून घातलेला. मी म्हणायची, फिका सांगायला तुमची जीभ झडते का? तुम्ही म्हणायचात, “अगं, फिका म्हनलं की त्येला वाटतं, ह्याला आपल्या घरची साखर न्हाई चालत. येकदा तसं वाटलं, की तो माणूस संस्थेतनं गेला.”

एका दिवसात किती घरं आणि वर्षात किती दिवस, याचा हिशेब मी मांडत नाही. तुमचं चुकत होतं असं तेव्हा म्हणायची, आता तेवढ्या जोरात म्हणवत नाही. पाऊस नाही, विहिरीला पाणी नाही, अशा तालुक्यात तुम्ही एक संस्था उभी केलीत आणि ती चहाच्या कपावर उभी राहिली. ती साखर तुमच्या अंगात कुठे कुठे जाऊन बसत होती, ते आपल्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. आपण पायाची जखम बघायचो, डोळे तपासून यायचो, औषधं वेळेवर घ्यायची म्हणून भांडायचो. डोक्याचा विचार कधी मनात आला नाही.

पहिल्यांदा मला कळलं ते भांडणावरूनच. उन्हाळ्याचे दिवस होते, तुम्ही बाजेवर बसला होता. बराच वेळ चपलांकडे बघत होतात. मी विचारलं, संस्थेत जायचं आहे का? तुम्ही म्हणालात, “बरं.” आणि बसूनच राहिलात. मग मी म्हणाले, नसेल जायचं तर पडा जरा. तुम्ही म्हणालात, “बरं.” आणि तरी बसूनच. आठवडाभर हे असंच चाललेलं मी बघत होते. भाजी अळणी झाली तरी बरं, पंप बंद पडला तरी बरं. चालताना पाऊल जमिनीला चिकटल्यासारखं उचलायचात, बारीक बारीक टाकायचात. लोक म्हणायचे, चेअरमन आता रुबाबात चालायला लागले.

मग एके दुपारी मी मुद्दाम खडा टाकून बघितला. म्हणाले, काय हो, शेवटी बाहत्तरला सुकडीच आधी आली होती ना? आणि तुमच्या मांडीवर पडणाऱ्या थापेची वाट बघत थांबले. तुम्ही माझ्याकडे शांतपणे बघितलंत आणि म्हणालात, “बरं.”

अहो, मी ते भांडण जिंकले, आणि तशीच उठून तुमचे दवाखान्याचे कागद शोधायला लागले. बीडच्या ज्या डॉक्टरांकडे आपण जायचो त्यांच्याकडे तुम्हाला घेऊन गेले. त्यांनी विचारलं, विसरतात का? मी म्हणाले, नाही, एक गोष्ट विसरत नाहीत. कुठल्या सभासदाची गाय कधी व्याली ते सांगतील. मग त्रास काय आहे? मी म्हणाले, हे माझ्याशी भांडत नाहीत. डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले. “बाई, नशीबवान आहात. वयानं माणूस निवळतो.” तुम्हाला म्हणाले, “काय अण्णा, खरं ना?” तुम्ही म्हणालात, “बरं.”

माझ्या बहिणी, शेजारणी, सगळ्या तेच म्हणाल्या. निवळले. वैताग जातो म्हणे म्हातारपणी. मला तुमचा वैताग हवा होता हे कुणाला सांगणार!

आता मनीषाचं सांगते. आपली एकुलती एक पोर. शिकायला नाशिकला गेली आणि तिथल्याच, दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न करून मोकळी झाली. तुम्ही दार लावून घेतलंत. कितीतरी वर्षं ते दार उघडलं नाही. आपलं सगळ्यांत मोठं भांडण हेच. मी म्हणायची, गावभर सगळ्यांच्या घरचा चहा पिता, पोरीच्या घरचा घोट जात नाही का घशाखाली? तुमचं एकच उत्तर, “जातीचं न्हाई गं. मला इचारलं न्हाई तिनं. बापाला इचारावं वाटलं न्हाई.” आणि मी विचारायची, तिनं विचारलं असतं तर हो म्हणाला असतात का? इथे आलं की तुम्ही उठून बाहेर जायचात. दुसऱ्या कुठल्याही वादात तुम्ही उठून गेला नाहीत. तेवढ्या एका प्रश्नाचं उत्तर तुम्ही मला दिलं नाही.

दरवर्षी दिवाळीच्या आधी मी एकदा विचारायची, मनीषाला बोलावू का? आणि मग दोन दिवस घरात आदळआपट. त्या वर्षीही विचारलं. तुम्ही म्हणालात, “बरं.”

मी तिथल्या तिथे फोन लावला. हात पुसायलाही थांबले नाही. तुमच्यात काहीतरी बिनसलंय हे मला कळत होतं आणि तरी मी फोन लावला. संधी साधली म्हणा हवं तर, मला त्याचं काही वाटत नाही. माझी पोर घरी येत होती.

ती आली. तुमच्या पाया पडली. तुम्ही तिच्याकडे बघितलंत आणि डोळ्यांतून धारा लागल्या. “आलीस का?” म्हणालात. तिनं तुमचा हात धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. फिका चहा करून आणला, तुम्ही प्यालात. मग तिनं हळूच विचारलं, “अण्णा, राग गेला का?” तुम्ही म्हणालात, “बरं.”

‘राग गेला का’ या प्रश्नाचं ‘बरं’ हे उत्तर होत नाही. वर्गात कुणी असं लिहिलं असतं तर मी मार्क दिले नसते. पण मनीषानं दिले. पुरे दिले. नाशिकला परत गेल्यावर फोनवर मला म्हणाली, “आई, मला आता काहीच नको. अण्णांनी मला माफ केलं.” त्यानंतर ती दर दोन-तीन महिन्यांनी यायला लागली. चेहरा उजळला होता तिचा. तुम्ही तिला बघून रडायचात. तुम्ही टीव्हीवर कुणाचं लग्न बघूनही रडायचात, वासरू लंगडलं तरी रडायचात. ते मी तिला कधी सांगितलं नाही.

तिकडे गावात तुमच्या ‘बरं’नं धमाल उडवली होती. संस्थेची निवडणूक आली. एक पार्टी सकाळी येऊन म्हणाली, अण्णा, तुम्ही आमच्या बाजूनं राहा. तुम्ही म्हणालात बरं. दुसरी पार्टी दुपारी आली, तिलाही बरं. दोघींना वाटलं अण्णा आपल्याबरोबर आहेत. मग दोघींना एकमेकींचं कळलं, आणि अण्णांचा काहीतरी मोठा डाव आहे म्हणून दोघींनी घाबरून अर्ज मागे घेतले. तुम्हीच पुन्हा चेअरमन झालात, बिनविरोध! फटाके वाजले. तुम्ही आवाजानं दचकून माझ्याकडे बघत होतात. आपल्या भागात गप्प बसलेला पुढारी आजारी असेल असं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. गप्प बसला म्हणजे डाव टाकतोय. दुसरीकडे कुणी तुम्हाला डॉक्टरकडे नेलं असतं, आपल्याकडे हार घातला.

मलाही हसू यायचं तेव्हा. मग ते वर्ष पूर्ण कोरडं गेलं.

ते वर्ष तुम्हाला आठवत असेल. तुम्हाला सगळंच आठवत होतं, हीच तर गंमत होती. पोळ्यापासूनच टँकर सुरू झाले. ज्यांना जायचं ते नेहमीपेक्षा आधीच कोयते घेऊन कारखान्यांवर गेले. गावात म्हातारी माणसं आणि दावणीची जनावरं राहिली. संस्थेनं स्वतःच्या हिमतीवर चारा छावणी काढायचं ठरवलं. त्या दिवसांत गयाबाई आपल्याकडे आली होती. तिचा मुलगा-सून तोडीला गेलेले, घरी ती आणि एक गाय. गाय गाभण होती म्हणून आटलेली. ती उंबऱ्यात बसून म्हणाली, “अण्णा, माझी गाय घ्याल न्हवं छावणीत?” तुम्ही म्हणालात, “बरं.” ती निश्चिंत होऊन गेली. तिला तुमचा शब्द ठाऊक होता. संस्था काढली त्या दिवसापासून तुमचं म्हणणं एकच, तोडीला गेलेल्याच्या जनावराला आधी चारा, कारण त्याच्या घरी दावं सोडायलासुद्धा माणूस नसतो.

आणि सभेत ठराव आला, चारा कमी आहे, तेव्हा रोज डेअरीला दूध घालणाऱ्यांचीच जनावरं छावणीत घ्यायची. सगळ्यांनी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, “बरं.” ठराव मंजूर झाला.

बबनरावांनीच संध्याकाळी येऊन मला कौतुकानं सांगितलं. ते गेल्यावर मी तुमच्यासमोर बसले. तुम्हाला सगळं माहीत होतं, ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं. मी विचारलं, मग गयाबाईच्या गाईचं काय? तुमचा चेहरा कसातरी झाला. ओठ हलत होते. मग म्हणालात, “न्हाई म्हनायचं व्हतं. आलंच न्हाई.”

एवढंच बोललात. त्या वर्षभरात तुम्ही स्वतःच्या मनातलं बोललेलं धड असं तेवढंच मला आठवतं.

मी दुसऱ्या दिवशी बबनरावांकडे गेले. म्हणाले, यांना बरं नाहीये, यांना ‘नाही’ म्हणायचं होतं, ठराव परत घ्या. ते माझ्याकडे बघून हसले. “बाई, अण्णांनी डाव तुमाला बी सांगितला न्हाई व्हय?” मी परत परत सांगितलं. त्यांना वाटलं, तोच डावाचा भाग आहे. तोवर गयाबाईनं शिरूरच्या बाजारात गाय विकून टाकली. गाभण गाय. बाजारातून येताना ती आपल्या दारावरून गेली, पण तिनं मान वर केली नाही.

मग मी कुणाचं ऐकलं नाही. गाडी ठरवली आणि तुम्हाला औरंगाबादला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई मनीषाच्याच वयाच्या. त्यांनी तुमचं ऐकून घेतलं, म्हणजे तुमची शांतता ऐकून घेतली, आणि माझंही ऐकलं. ‘भांडत नाहीत’ म्हणाले तर हसल्या नाहीत, लिहून घेतलं. मेंदूची फिल्म काढली. त्यात आत, खोल जागी, पांढरे डाग होते. काही बारीक, काही एकमेकांत मिसळलेले.

त्यांनी मला नीट समजावलं. मेंदूत मोठ्या रक्तवाहिन्या असतात, त्या तुमच्या ठीक होत्या. बिघडल्या होत्या त्या त्यांना फुटणाऱ्या केसाएवढ्या बारीक फांद्या. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की या बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड होतात, कडक होतात, आतली वाट अरुंद होते. कुठे त्या पाझरतातही. वय आणि ब्लडप्रेशर त्यात भर घालतात. मग खोलातल्या भागाला रक्त पुरत नाही. मोठा झटका येत नाही, तोंड वाकडं होत नाही, म्हणून घरात कुणाला कळत नाही. आतल्या आत थोडं थोडं सुकत जातं. मी म्हणाले, म्हणजे आमच्या मोसंबीच्या ठिबकसारखं. पंप चालू, मोठी नळी भरलेली, पण बोअरच्या क्षारानं बारीक ड्रिपर बुजलेले, आणि झाड का वाळतंय ते कळत नाही. त्या म्हणाल्या, अगदी तसंच.

“मग विसरत का नाहीत?” मी विचारलं. त्या म्हणाल्या, आठवणी ठेवायची जागा निराळी, ती बरीचशी शाबूत आहे. मेंदूच्या पुढच्या भागाला बाकीच्या मेंदूशी जोडणारे जे धागे असतात, ते सुकले आहेत. एखादी गोष्ट सुरू करणं, दोन बाजू तोलणं, निर्णय घेणं, पाऊल टाकणं, रडू आवरणं, हे सगळं त्यांच्यावर चालतं. “‘नाही’ म्हणायला मेंदूला बरंच काम करावं लागतं, काकू. कारण शोधायचं, ते मांडायचं, समोरच्याला अडवायचं. ‘बरं’ला काही लागत नाही.”

मी विचारलं, हे कधीपासून? त्या म्हणाल्या, याला तारीख नसते, वर्षानुवर्षं चाललेलं असतं. पण तुम्ही ते दुष्काळाच्या भांडणाचं सांगितलंत ना, त्याच्या आधीपासून नक्की.

येताना गाडीत तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलात. आणि मी त्या फिल्मचा लखोटा मांडीवर धरून विचार करत होते. आता बबनरावांना सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. गावाला सांगता आलं असतं की गयाबाईला तुम्ही फसवलं नाही, ते ‘बरं’ तुमचं नव्हतंच. पण ते ‘बरं’ तुमचं नसेल, तर मनीषाला दिलेलं तरी तुमचं कसं? एक आजाराच्या खात्यावर टाकायचं आणि दुसरं तुमच्या, असं मला करता येत नव्हतं. दोन्ही एकाच तोंडून आली होती, आणि मनीषाचं तर आधी. गयाबाईची गाय गेली ती गेलीच होती. मनीषाकडे अजून काहीतरी होतं. मी लखोटा कपाटात ठेवला आणि मनीषाला म्हणाले, शुगरमुळे अशक्तपणा आहे.

नंतरच्या दिवसांत मी तुमचं सगळं केलं. त्याबद्दल तुमचे आभार मानायला हवेत, हे विचित्र वाटेल. पण मी तोंडात घास घातला की तुम्ही माझ्या हातावर हलकं थोपटायचात. ते ‘बरं’ म्हणण्यासारखं नव्हतं. ते सुरू करायला तुम्हाला किती जोर लावावा लागत असेल, ते आता मला ठाऊक होतं. त्या थोपटण्यासाठी मी तुमची जन्माची ऋणी आहे, आणि तेवढ्यासाठीच माझा तुमच्यावरचा बाकीचा राग मी वेळोवेळी मागे घेते. तो परत येतो, ते निराळं.

तर, काल दुपारी गयाबाई आली.

तेराव्याला आली नव्हती. गर्दी पांगल्यावर आली. मनीषानं आतून विचारलं, चहा टाकू का? गयाबाई म्हणाली, “च्या नगं मला.” उंबऱ्याच्या आत आली नाही. पदर डोक्यावरून पुढे घेतला आणि म्हणाली, “बाई, म्या भांडायला न्हाई आले. गेलेल्या माणसाशी कोन भांडतंय. पर झोप येत न्हाई मला. पंचवीस घरं सोडून अण्णा माझ्या घरी येयाचा, माझ्या हातचा च्या पेयाचा. माझी गाय घेतो म्हनला, न् तोंडावर पाडलं. कावून केलं असं? तुमी सांगा, तुमाला ठावं असंल.”

मनीषा तेवढ्यात पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती. ती दारात थांबली.

मला गप्प बसता आलं असतं. बबनरावांसारखं काहीतरी सांगता आलं असतं, राजकारण होतं म्हणून. पण त्या बाईची झोप तुमच्या नावानं गेली होती. तुमचं नाव, जे तुम्ही घरोघर साखर पिऊन कमावलं. मी म्हणाले, “गयाबाई, ते यांनी केलं नाही. शुगरनं डोक्यातल्या बारीक शिरा बुजल्या होत्या. ‘नाही’ म्हणायचं होतं त्यांना, ते आलंच नाही. मला म्हणाले तसं.” आणि ड्रिपरचं सगळं सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती.

मग तिनं डोळे उघडले आणि साधेपणानं विचारलं, “कंदीपासून?”

तिला बिचारीला एवढंच हवं होतं की तिच्या घरी चहा पिणारा अण्णा खरा होता का. मनीषा माझ्याकडे बघत होती. ती हुशार आहे, तुमच्यावर गेलीय. मी काय सांगणार ते माझ्या तोंडून निघायच्या आधीच तिला कळलं होतं.

मी म्हणाले, “मनीषा घरी यायच्या आधीपासून.”

गयाबाईनं मोठा श्वास सोडला. “मंग माझा च्या पेयाचा तो खराच,” म्हणाली. “म्या लई बोलले गं त्येला मनात.” आणि रडायला लागली. जरा वेळानं आत येऊन बसली आणि मनीषाला म्हणाली, “टाक पोरी च्या.” मनीषानं चहा केला, तिला दिला, कप उचलून नेला, आणि मोरीवर जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली. मी मागे उभी राहिले. ती वळली नाही. म्हणाली, “मला सांगायचं नव्हतंस, आई. तिला सांगायचंस, पण मला ऐकू येईल असं नाही.” मी घासलेली भांडी पुसायला घेतली. संध्याकाळी दोघी शेजारी शेजारी बसून भात जेवलो. तिनं तुमच्या फोटोकडे एकदाही बघितलं नाही.

आज सकाळी ती गेली. मी फाट्यापर्यंत पोहोचवायला गेले. गाडीला वेळ होता. ऊन तापायला लागलं होतं, आम्ही बाभळीखाली उभ्या होतो. ती रस्त्याकडे बघत म्हणाली, “आई, खरं सांग. अण्णा धडधाकट असते, तर मला घरात घेतलं असतं का?”

हाच तो प्रश्न हो. याच प्रश्नावर तुम्ही दरवेळी उठून गेलात. मी इतकी वर्षं विचारत राहिले आणि तुम्ही उत्तर न देता निघून गेलात, आणि ते उत्तर द्यायची वेळ शेवटी माझ्यावर आली, तीही उघड्या रस्त्यावर. मी बाभळीला हात लावून उभी राहिले. तुमचा चेहरा आठवून बघितला, आधीचा, मांडीवर थाप मारणारा. काय म्हणाला असतात? मला माहीत नाही. देवाशपथ माहीत नाही.

मी म्हणाले, “घेतलं असतं. आधी तुझ्याशी, मग माझ्याशी कडाकडा भांडले असते, आणि मग घेतलं असतं.”

तिनं माझ्याकडे बघितलं. विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही. गाडी आली, ती चढली, खिडकीतून हात बाहेर काढला.

मी तुमच्या वतीनं शब्द देऊन बसले आहे. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि तुम्हाला तर विचारायची सोयच नव्हती. पटत नसेल तर या आणि भांडा.